शेअर गाडीचा हिशेब : भाडे कमी, थांबणे जास्त

रेल्वे स्टेशनबाहेर ‘एक सीट, एक सीट’ ही हाक ऐकली नाही असा कष्टकरी माणूस मुंबई-ठाण्यात सापडणार नाही. रिक्षात दोघे बसलेले असतात, चालक बाहेर उभा राहून तिसऱ्याची वाट पाहत असतो. तिसरा आला की रिक्षा निघते. पश्चिम महाराष्ट्रात याला वडाप म्हणतात, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी म्हणतात. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नरिमन पॉइंटकडे जाणारी शेअर टॅक्सी कचेरीतल्या बाबू लोकांनी वर्षानुवर्षे वापरली. नावे वेगळी असली तरी सौदा एकच. गाडी भरेपर्यंत थांबा आणि भाडे वाटून द्या.

हाच सौदा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी मोबाईलमध्ये घातला आणि जगाला नवा शोध म्हणून विकला. ऑगस्ट २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात उबर कंपनीने ‘उबरपूल’ आणि तिच्या स्पर्धक लिफ्ट कंपनीने ‘लिफ्ट लाइन’ एकाच आठवड्यात जाहीर केली. २०१५ मध्ये उबरपूल आणि ओला शेअर आपल्या देशात आले, प्रथम बंगळुरूला आणि मग इतर शहरांत. मोबाईलवर गाडी मागवायची, एकट्याऐवजी ‘शेअर’चे बटण दाबायचे, वाटेत त्याच दिशेला जाणारा दुसरा प्रवासी चढणार हे मान्य करायचे. भाडे कमी. आपल्या वस्तीतल्या पदवीधर मुला-मुलींनी त्या काळात मुलाखतीला, परीक्षेला, पहिल्या नोकरीला जाताना या सोयीचा पुष्कळ उपयोग केला. घामाने शर्ट न भिजता वेळेवर पोहोचणे ही गरिबाच्या मुलाला लहान गोष्ट नसते.

या विषयावर आपल्या साप्ताहिकात कशाला लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात महिन्याच्या पगारातून भाडे, रेशन, मुलांची फी आणि गावाकडचे पाठवणे जाते, त्या घरात प्रवासाचा खर्च आणि प्रवासाचा वेळ या दोन्ही गोष्टी चुलीपर्यंत पोहोचतात. पैशाचा हिशेब आपण ठेवतो. वेळेचा ठेवत नाही, आणि नेमके तेच गिऱ्हाइकाच्या खिशातून काढून घेणे या धंद्यांना सोपे जाते.

प्रथम या सौद्याचे गणित समजून घेऊ. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचे दीड किलोमीटरपर्यंतचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले, टॅक्सीचे २८ वरून ३१. या दराने तीन किलोमीटरला रिक्षाचे मीटर सुमारे ५२ रुपये दाखवील. तीन माणसांनी प्रत्येकी २० रुपये दिले असे धरू. चालकाला ६० मिळाले, म्हणजे मीटरपेक्षा आठ जास्त. प्रवाशाचे ५२ ऐवजी २० गेले. दोघांचाही फायदा झाला. मग तोटा कोणाचा? तोटा रुपयांत कोणाचाच नाही, तो मिनिटांत आहे.

स्टँडवर दर दोन मिनिटांनी एक प्रवासी येतो असे समजा. पहिला बसतो आणि चार मिनिटे थांबतो, दुसरा दोन मिनिटे थांबतो, तिसऱ्याला थांबावेच लागत नाही. सरासरी दोन मिनिटे. सकाळी नऊ वाजता ही काहीच अडचण नाही. पण रात्री अकराला दर दहा मिनिटांनी एक माणूस आला, तर पहिल्याला वीस मिनिटे, दुसऱ्याला दहा मिनिटे. भाडे तेवढेच, सीट तीच, पण अवेळी प्रवास करणाऱ्याने पाचपट थांबून ती मिळवली. आणि अवेळी प्रवास कोण करतो? इस्पितळातला वॉर्डबॉय, आयाबाई, सफाई कामगार, हॉटेलातला भांडी घासणारा, वॉचमन, दुसऱ्या पाळीचा कामगार. सगळ्या शहराला जेव्हा गाडी हवी असते तेव्हा शेअर गाडी लवकर भरते. शहर झोपल्यावर जो काम करतो त्याच्यासाठी ती भरत नाही. शेवटी चालक म्हणतो, ‘दोन सीटचे पैसे द्या, निघतो.’ म्हणजे स्वस्तातली सोय सर्वांत जास्त ज्याला हवी त्याच्याच वेळी ती महाग होते.

या सौद्याचे खरे बळ माणसांच्या दाटीत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील आणि तिच्याबरोबरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मॅनहॅटन भागातल्या एका वर्षातल्या सुमारे १५ कोटी फेऱ्यांची नोंद त्यांनी तपासली. प्रवाशांनी काही मिनिटांचा उशीर सोसायची तयारी दाखवली आणि फेऱ्या जोडून घेतल्या, तर टॅक्सींचे एकूण धावणे ४० टक्क्यांनी किंवा त्याहूनही अधिक कमी करता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पेट्रोल वाचेल, धूर कमी होईल, रस्ता मोकळा होईल. हे खरे आहे. पण मॅनहॅटन हा जगातल्या अतिशय दाट गर्दीच्या भागांपैकी एक. तिथे पाच मिनिटांत जोडीदार सापडतो. शहराच्या टोकाला, डोंगरउतारावरच्या वस्तीत, खाडीलगतच्या पुनर्वसन इमारतींत तो सापडेलच असे नाही. आणि आपली माणसे बहुतेक याच टोकांना राहतात, किंवा त्यांना तिथे नेऊन वसवले गेले आहे.

अर्थशास्त्रात याचा एक जुना नियम आहे. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये तो बसवाहतुकीबद्दल मांडला. एखाद्या मार्गावर प्रवासी वाढले की बसेस वाढवता येतात, बसेस वाढल्या की प्रत्येकाचे थांबणे कमी होते. म्हणजे नवा प्रवासी आधीच्या प्रवाशांचे भलेच करतो. पण हेच चक्र उलटेही फिरते. प्रवासी कमी झाले की फेऱ्या कमी, फेऱ्या कमी की थांबणे जास्त, थांबणे जास्त की आणखी प्रवासी जातात. आपल्या बेस्टच्या कित्येक मार्गांवर हे उलटे चक्र आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे साध्या बसला ५ चे १० आणि वातानुकूलित बसला ६ चे १२ झाले. भाडे दुप्पट झाल्याचे दुःख आहेच, पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती आधी भाड्याबद्दल बोलणार नाही. ‘बस येतच नाही’ असे म्हणेल. शेअर रिक्षाचा धंदा भाड्यावर जेवढा चालतो त्याहून अधिक या न येणाऱ्या बसवर चालतो.

आता कंपन्यांकडे येऊ. स्टँडवरच्या रिक्षात आपण बसलो की समोर दिसते, दोन सीट भरल्या, एक बाकी. थांबणे परवडत नसेल तर उतरून चालू लागता येते. मोबाईलमधल्या शेअर गाडीत हे दिसत नाही. ‘जोडीदार शोधत आहोत’ एवढेच अक्षर फिरत राहते. किती जण त्या दिशेला आहेत, अजून किती वळसा पडेल, हे कंपनीच्या यंत्राला ठाऊक, आपल्याला नाही. गाडीत बसल्यावरही तीच गत. घरापासून दोन गल्ल्या अलीकडून गाडी वळते आणि दुसऱ्याला घ्यायला उलट दिशेला जाते. ज्याने आधी बसायचे त्यानेच शेवटी उतरायचे, असाही प्रकार घडतो. स्टँडवर रांगेचा न्याय असतो, तो इथे नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये उबरने अमेरिकेतल्या काही शहरांत या सौद्याचे आणखी एक रूप काढले, ‘एक्सप्रेस पूल’. गाडी लगेच नेमून द्यायची नाही. प्रवाशाने एक-दोन मिनिटे थांबायचे, तोवर यंत्र त्या भागातल्या मागण्या गोळा करून जुळवणार. मग प्रवाशाने दारात न थांबता यंत्र सांगेल त्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचे आणि उतरतानाही थोडे चालायचे. भाडे नेहमीच्या पूलपेक्षाही बरेच कमी. ऐकायला नवे वाटते, पण यात बसथांबा आणि बस याहून वेगळे काय आहे? खासगी कंपनीने फिरून फिरून शोध लावला तो बसचाच! फरक एवढाच की बसचा मार्ग पाटीवर लिहिलेला असतो आणि तिचे भाडे नगरसेवकापासून आमदारापर्यंत कोणाला तरी जाब विचारता येईल असे ठरते.

थांबण्याचा आणि पैशाचा हा बदला सगळ्यांना सारखा पडत नाही, हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. एक उदाहरण मांडतो. शेअर गाडीने एका फेरीला ३० रुपये वाचतात आणि १५ मिनिटे जास्त लागतात असे धरा. ज्या माणसाला तासाला ६०० रुपये मिळतात त्याची १५ मिनिटे १५० रुपयांची. तो म्हणेल, मला एकट्यालाच गाडी द्या. ज्या बाईला चार घरची धुणीभांडी करून तासाला ६० रुपये सुटतात तिची १५ मिनिटे १५ रुपयांची. तिने ३० रुपये वाचवावेत हे शहाणपणाचे. हिशेब बरोबर आहे, कुणीही पदवीधर असाच करील. पण या हिशेबाचा अर्थ काय झाला? ज्याला कमी पगार त्याचा वेळ स्वस्त, म्हणून त्याने थांबायचे. गरिबीच्या मापाने त्याच्या आयुष्याची मिनिटे मोजली गेली. शिकागो शहराच्या पालिकेने कंपन्यांकडून प्रत्येक फेरीची माहिती घेऊन ती २०१९ पासून लोकांसाठी खुली केली. त्यात प्रवाशाने शेअरला संमती दिली होती की नाही हेही नोंदलेले आहे. त्यावरून अभ्यास करणाऱ्यांना हेच दिसले की कमी उत्पन्नाच्या भागांतून शेअरची तयारी जास्त आणि विमानतळाच्या प्रवासाला कमी.

वाहतुकीचा अभ्यास करणारे असेही सांगतात की गाडीत बसून गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा रस्त्यावर उभे राहून गेलेली दहा मिनिटे माणसाला जवळजवळ दुप्पट जड वाटतात. मग त्या बाईची १५ मिनिटे १५ ची नव्हे, ३० रुपयांची झाली. वाचले ते तेवढेच. हाती काय उरले? शून्य. आणि पावसात, अंधारात, कडेवर मूल असताना ती दुपटीहूनही जड असणार.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे, जी सरासरी आकड्यात येत नाही. गाडी कधी पाच मिनिटांत मिळते, कधी पंचवीस. नोकरी करणारा माणूस सरासरीवर घराबाहेर पडू शकत नाही, त्याला पंचविसाच्या हिशेबानेच निघावे लागते. कारण पोहोचायला उशीर झाला तर साहेब गाडीची सबब ऐकत नाही. अनेक ठिकाणी तीन लेटमार्कला एक रजा कापतात. कंत्राटी कामगाराचा तर अर्धा दिवसच जातो. म्हणून ज्याची नोकरी कच्ची त्याला सर्वांत आधी निघावे लागते. दोन्ही वेळचे मिळून रोज ४० मिनिटे अशी गेली, तर महिन्याच्या २६ दिवसांत १,०४० मिनिटे. म्हणजे १७ तास २० मिनिटे. आठ तासांचे दोन दिवस भरून वर थोडे उरले. महिन्याला दोन दिवस माणूस बिनपगारी उभा राहतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने १९४६ मध्ये कामगाराचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. आठवड्याला सहा तास कामगाराच्या घराला परत मिळाले. मुलाचा अभ्यास घ्यायला, सभेला जायला, वाचायला. त्या सहा तासांतले चार आज आपण रिक्षा स्टँडवर आणि मोबाईलच्या फिरत्या चाकासमोर घालवत आहोत. याची दखल कोणत्याही कामगार कायद्यात नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने काम दारातून आत गेल्यावर सुरू होते.

वाहनाची वाट पाहणे या विषयावर बाबासाहेबांचे स्वतःचे अनुभव ज्यांनी वाचले आहेत, त्यांना मसूर स्टेशन आठवल्याशिवाय राहणार नाही. १९०१ साली लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला होता. मसूरला उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. पण मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार या अटीवर. १९२९ मध्ये चाळीसगावला तर बाबासाहेब बॅरिस्टर असताना टांगेवाल्याने त्यांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. तेथील आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायची सवय नसलेला आपलाच माणूस बसवला. पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे इतिहासासाठी सांगत नाही. शेअर रिक्षाच्या बाजूने जे बोलले पाहिजे तेही याच ठिकाणी बोलले पाहिजे म्हणून सांगतो. ज्या समाजाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुप्पट पैसे देऊनही बैलगाडीत जागा नव्हती, त्याच समाजाची बाई आज तीन सीटच्या रिक्षात कोणाच्याही मांडीला मांडी लावून बसते आणि कोणी तिला आडनाव विचारत नाही. घाई सगळ्यांनाच असते, तिसरी सीट भरणे हाच सगळ्यांचा धर्म असतो. शहराने आपल्याला जे थोडे दिले त्यात ही बिननावाची सीट आहे. मोबाईलच्या गाडीत मात्र नाव आधी जाते, माणूस नंतर. नावावरून आडनावाचा आणि वस्तीच्या पत्त्यावरून जातीचा अंदाज बांधणारे लोक आपल्या देशात कमी नाहीत. ‘त्या वस्तीत गाडी येणार नाही’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी फोनवर ऐकले आहे. रस्ता अरुंद आहे हे कारण कधी खरे असते, कधी नसते.

चालकाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण तोही बहुधा आपल्यासारखाच कर्जाचे हप्ते फेडणारा असतो. शेअर फेरीत दोन ठिकाणी थांबायचे, दोन प्रवाशांची कटकट ऐकायची, जास्त वळसे घ्यायचे, आणि मिळकत तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, ही चालकांची जुनी तक्रार. स्टँडवर तिसरी सीट भरली की तिचे पैसे चालकाच्या खिशात जातात. कंपनीच्या गाडीत तिसरी सीट भरल्याचा लाभ आधी कंपनीच्या खात्यात जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईच्या ओला-उबर चालकांनी जो मोठा संप केला तो याच प्रकारच्या कमाईच्या प्रश्नावर होता.

कायद्याचाही घोळ होता. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये दोन प्रकार आहेत. टप्पा वाहतूक म्हणजे वाटेत प्रवासी घेत-सोडत जाणारी, जशी एसटी. आणि कंत्राटी वाहतूक म्हणजे एकाच करारावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी, जशी टॅक्सी. टॅक्सीचा परवाना कंत्राटी, मग ती वाटेत वेगवेगळे प्रवासी कशी घेणार? या मुद्द्यावर कर्नाटकच्या परिवहन विभागाने २०१७ च्या जानेवारीत शेअर फेऱ्या बेकायदा असल्याचे सांगितले होते. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ओळख पटवलेल्या प्रवाशांना एकाच मार्गावर शेअर करायला त्यात वाट ठेवली. महिलांना हवे असल्यास फक्त महिलांबरोबरच शेअर करण्याचा पर्याय द्यावा, असेही त्यात आहे. महाराष्ट्र शासनानेही मे २०२५ मध्ये ॲप वाहनांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. हा महिलांचा पर्याय कागदावर चांगला आहे. पण त्याचेही गणित तेच. जोडीदार निम्म्याच माणसांतून शोधायचा म्हटल्यावर थांबणे वाढणार. सुरक्षिततेसाठी बाईने आणखी थांबायचे, आणि तेही रात्री, रस्त्यावर उभे राहून! ज्यांनी कलम लिहिले त्यांनी थांबण्याची जागाही उजेडाची असावी असे लिहिले असते तर बरे झाले असते.

मग एवढा गाजावाजा झालेल्या या शेअर फेऱ्यांचे पुढे काय झाले? मार्च २०२० मध्ये करोनामुळे त्या जगभर बंद पडल्या. उबरने अमेरिकेत २०२२ मध्ये वेगळ्या नावाने त्या पुन्हा सुरू केल्या, पण मोठी सवलत जोडीदार मिळाला तरच. लिफ्ट कंपनीने २०२३ मध्ये शेअर फेऱ्या बंद करण्याचे ठरवले. कारण साधे आहे. जोडीदार मिळो न मिळो, स्वस्त भाड्याचे वचन आधीच दिलेले असे. सीट रिकामी राहिली की तोटा कंपनीचा. गुंतवणूकदारांचे पैसे होते तोवर ती रिकामी सीट त्यांनी सोसली. पैसे आटले तेव्हा तोच भार प्रवाशावर टाकला किंवा सोयच गुंडाळली. आणि मधल्या काळात ज्यांनी त्या स्वस्ताईवर भरवसा ठेवून दूरची नोकरी धरली, त्यांचे काय, हा प्रश्न कोणाच्या ताळेबंदात नाही.

शिकागोने यावर एक उपाय केला, तो सांगण्यासारखा आहे. जानेवारी २०२० पासून शहराच्या मध्यभागी कामाच्या दिवशी एकट्याने गाडी घेणाऱ्यावर फेरीमागे तीन डॉलर कर आणि शेअर करणाऱ्यावर सव्वा डॉलर. म्हणजे थांबून, अडचण सोसून, रस्ता मोकळा ठेवणाऱ्याला शहराने थोडी सूट दिली. आपल्याकडे एकट्याची मोटार आणि तिघांची रिक्षा एकाच सिग्नलला एकाच धुरात उभ्या असतात आणि स्टेशनजवळ हवालदाराची काठी आधी रिक्षावर पडते.

आमच्या वस्तीत मोबाईलच्या मदतीशिवाय एक प्रयोग चालू आहे, त्याची माहिती देतो. इस्पितळात सकाळच्या पाळीला जाणाऱ्या तीन भगिनी रोज पहाटे स्टँडवर वेगवेगळ्या उभ्या राहत. कधी रिक्षा भरे, कधी दोन सीटचे पैसे मोजावे लागत. रविवारी विहारात वंदनेनंतर गप्पा निघाल्या आणि तिघींना कळले की आपण एकाच दिशेला दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने निघतो! त्यांनी मिळून शाळेच्या मुलांना लावतात तशी महिन्याची रिक्षा लावली. पाच वाजून दहा मिनिटांनी विहाराच्या कोपऱ्यावर. थांबणे शून्य, कारण कोण येणार हे आदल्या रात्रीच ठाऊक. रिक्षावाल्यालाही दिवसाची पहिली फेरी पक्की. एरवी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येताना किंवा दीक्षाभूमीला जाताना गावोगावचे आपले लोक वर्गणी काढून टेम्पो-जीप ठरवतातच, त्यात नवीन काही नाही. तेच रोजच्या कामाला लावले एवढेच. कंपनीचे यंत्र अनोळखी माणसे जुळवायला धडपडते आणि आपण एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या ड्युटीची वेळ विचारत नाही.

यावरून महिला मंडळाने एक वही केली आहे. नाव, कामाचे ठिकाण, जायची वेळ, यायची वेळ, सुटीचा वार असे पाच रकाने. या वहीचा दुसराही उपयोग आहे. शेअर रिक्षाच्या अधिकृत स्टँडसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे अर्ज करायचा तर ‘आमची फार गैरसोय होते’ एवढे लिहून भागत नाही. किती वाजता किती माणसे कुठून कुठे जातात याचा तक्ता जोडला तर साहेबाला तो बाजूला ठेवता येत नाही. अर्जात भाड्याचा फलक, दिव्याची सोय, आणि दहा मिनिटांनंतर दोन सीटवर रिक्षा सोडावी व त्या वेळचे भाडे किती ते आधीच ठरवून लिहावे, या मागण्या घालाव्यात. खाली सह्या वस्तीतल्या सगळ्यांच्या घ्याव्यात, केवळ आपल्याच नव्हे. शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या आणि उत्तर भारतीय चाळीतल्या माणसांनाही त्याच स्टँडवर उभे राहावे लागते. रिक्षावाल्यांची संघटना असेल तर तिच्याशीही आधी बसून बोलावे, नाहीतर स्टँड मंजूर होऊनही रिक्षा तिथे लागत नाहीत.

वहीतला जायच्या वेळेचा रकाना भराभर भरला. तिघी-तिघींचे आणखी दोन गट जुळलेही. परतीच्या वेळेचा रकाना मात्र अजून सोडवता आलेला नाही. सकाळी सगळ्यांना वेळेवर बोलावले जाते, पण सुटायची वेळ ज्याच्या त्याच्या मालकाच्या मर्जीवर. एकीला चारला सोडतात, दुसरीला बदली माणूस आला नाही म्हणून साडेपाचला, तिसरीच्या वॉर्डात रोगी आला की सहा वाजतात. सकाळी एका रिक्षातून उतरलेल्या तिघी संध्याकाळी तीन वेगवेगळ्या स्टँडांवर उभ्या असतात. इस्पितळाच्या युनियनपुढे सुटीच्या वेळेचा हा विषय मांडायचे ठरले आहे. तोवर परतीला ‘एक सीट, एक सीट’च.